सेल्फची टकटक आणि अर्थिंगची काळी वायर

चावी फिरवली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही, नुसतं टक-टक-टक होतं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात. माझ्या गाडीचं असं झालं तेव्हा बघणारा प्रत्येकजण म्हणाला, ‘बॅटरी गेली.’ मलाही तसंच वाटलं. पण मल्टिमीटर लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज! दोष निघाला तो बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या काळ्या वायरीत, अर्थिंगच्या वायरीत.

गाडीत करंट परत यायला प्रत्येक दिव्यामागे वेगळी तार नसते. बॉडीचा आणि इंजिनचा धातू हीच परतीची वाट, आणि ती वाट शेवटी या काळ्या वायरीतून बॅटरीत येते. एका साध्या हेडलाइटला पाचेक अँपिअर पुरतात. सेल्फ मारताना मात्र लहान पेट्रोल इंजिनलाही शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. तेवढा सगळा करंट याच वायरीतून परततो.

आता हिशेब बघा. 25 चौरस मिलिमीटर जाडीच्या, अर्धा मीटर लांब तांब्याच्या चांगल्या वायरीचा रोध सुमारे 0.0003 ओहम असतो. 150 अँपिअरला तिच्यात जेमतेम 0.05 व्होल्ट खर्च होतात. गंजामुळे हा रोध 0.02 ओहम झाला, तर त्याच करंटला 3 व्होल्ट वायरीतच अडकतील. एरवी 0.02 ओहम म्हणजे काहीच नाही, पण सेल्फच्या दृष्टीनं तो डोंगर आहे. टकटकीचं कारणही हेच. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, आत ओढला जातो, मोटरचा संपर्क जुळतो, करंट धावतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा ओढला जातो. सेकंदात कितीतरी वेळा हे चक्र फिरतं.

वायर तपासताना बरेचजण मीटर ओहमवर ठेवतात, आणि तिथेच फसतात. त्या वेळी मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. शंभर तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी त्याला वायर ठणठणीत वाटते. म्हणून तपासणी भार असतानाच करायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर टेकवा (खांबाला आवळलेल्या वायरीच्या क्लँपवर नको), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. साधारण 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर परतीची वाट ठीक. 0.5 च्या पुढे गेला तर दोष नक्की याच बाजूला.

हा गंज येतो बॅटरीतून. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतात, त्यांच्यासोबत सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब उडतात. खांबाच्या बुडाशीही आम्ल झिरपतं. हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं ते तांबं खातं आणि निळसर-हिरवी पूड साठते. तीत मुख्यतः कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूदच. वाईट भाग असा, की बारीक तारांच्या फटींतून आम्ल केशाकर्षणानं इन्सुलेशनच्या आतही चढतं. क्लँप घासून चकाचक केला तरी आतलं तांबं कुजतच राहतं. माझी जुनी वायर मी सोलून पाहिली. बाहेरून काळं रबर धडधाकट, आत क्लँपपासून चार बोटं तारा काळपट, आणि नखानं टोकरल्या की तुकडे पडत होते.

अशी वायर बदलणं हाच उपाय. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह सोडवा. यामागे कारण आहे: पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलाच असेल, तर बॅटरी थेट शॉर्ट होते, पाना क्षणात लाल होऊ शकतो, आणि आसपास हायड्रोजन असेल तर स्फोटही. हातमोजे आणि चष्मा घालाच, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. खांबावरचा गंज खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. फेस थांबला की आम्ल संपलं. बॅटरीच्या झाकणाच्या भोकांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका.

नवी वायर जुनीइतकीच किंवा थोडी जाड घ्या, बारीक कधीच नको. निगेटिव्ह खांब पॉझिटिव्हपेक्षा किंचित बारीक असतो, म्हणून क्लँपही त्याच मापाचा हवा. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह क्लँपवरच बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, तो जपून काढा. दुसऱ्या टोकाला, जिथे लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) इंजिनला किंवा बॉडीला बोल्टनं बसतो, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासा. बहुतेकांची चूक इथेच होते: वायर नवी, पण ती रंगावर आवळलेली. बोल्ट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे ओल आणि हवा लांब राहते. बॅटरीकडचं निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडा.

मी पुन्हा त्याच दोन जागी मीटर टेकवून सेल्फ मारायला सांगितला. आधी 1.9 व्होल्ट दाखवणारा आकडा आता 0.08 वर होता, आणि इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं.