कोठडीच्या अलीकडची माणसं

ऑगस्ट 1841. बॉस्टनच्या पोलीस कोर्टात एका दारुड्याला उभं केलं होतं. त्याची रवानगी सुधारगृहात होणार हे ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात जॉन ऑगस्टस नावाच्या एका बूट बनवणाऱ्या कारागिराने पुढे होऊन त्याचा जामीन भरला. ऑगस्टस दारूबंदी चळवळीतला. तीन आठवड्यांनी तो त्याच माणसाला घेऊन परत आला, तेव्हा कोर्टातल्या लोकांना ओळख पटेना. न्यायाधीशाने एक सेंट दंड केला आणि खटल्याचा खर्च भरायला लावून त्याला सोडून दिलं. दोन वर्षांत ऑगस्टस मुलांसाठीही जामीन राहू लागला. त्यातली काही आठ-दहा वर्षांची होती, चोरीच्या आरोपावरून आणलेली.

त्याला सर्वांत जास्त विरोध झाला तो कोर्टातल्या पोलिसांकडून. आरोपीला सुधारगृहात पोहोचवलं की त्यांना साधारण 60-75 सेंट मिळत. ऑगस्टसने एक जामीन भरला की तेवढी कमाई बुडायची. आज धर्मसंस्था आणि पोलीस हातात हात घालून मुलांना सावरतात असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ही सुरुवात आठवते. हे नातं प्रेमाने जमलेलं नाही. तीन-चार पिढ्या भांडणं झाली, तेव्हा कुठे ते आकाराला आलं.

चर्चच्या बाजूने या कामाची मुळं आणखी मागे जातात. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. तुरुंगातल्या कैद्यांची दशा त्याने जवळून पाहिली होती, आणि माणूस तिथे पोहोचण्याआधीच काहीतरी करायला हवं असं त्याला वाटत होतं. पुढे 1844 मध्ये लंडनमध्ये वायएमसीए ही तरुणांसाठीची ख्रिस्ती संस्था सुरू झाली, 1883 मध्ये ग्लासगोत बॉइज ब्रिगेड ही मुलांची ख्रिस्ती संघटना. पण या संस्थांकडे मुलं आपल्या पायांनी येत. पोलिसांनी पकडून आणलेल्या मुलाशी त्यांचा संबंध क्वचितच यायचा.

तो संबंध जोडला फ्रेडरिक रेनरने. 1876 मध्ये या मुद्रकाने चर्च ऑफ इंग्लंडच्या दारूबंदी संस्थेला पत्र लिहिलं आणि सोबत पाच शिलिंग पाठवले. एकदा पाय घसरलेल्या माणसाच्या नशिबी गुन्ह्यामागून गुन्हा आणि शिक्षेमागून शिक्षा येते, हे थांबवायला कोणी काही करणार आहे का, असा त्याचा प्रश्न होता. संस्थेने लंडनच्या पोलीस कोर्टांमध्ये मिशनरी नेमायला सुरुवात केली. मिशनरी सकाळी कोर्टात जाऊन बसायचा, कोठडीत जाऊन बोलायचा, घरी चौकशी करायचा, कोणाला काम लावून द्यायचा. पुढेपुढे न्यायाधीशच त्याला विचारू लागले की हा मुलगा कसा आहे, घरचे कसे आहेत, सोडला तर टिकेल का.

ब्रिटनमधल्या 1907 च्या प्रोबेशन कायद्याने, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं सोडण्याच्या कायद्याने, या कामाला सरकारी रूप दिलं. प्रोबेशन अधिकाऱ्याने सल्ला द्यावा, मदत करावी आणि मैत्री करावी, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. फौजदारी कायद्यात ‘मैत्री’ हा शब्द यावा याचं मला आजही अप्रूप वाटतं. तो तिथे त्या मिशनऱ्यांच्या सवयीतून आला, याबद्दल मला शंका नाही. पुढच्या तीसेक वर्षांत सरकारने सगळं काम आपल्या हाती घेतलं आणि चर्चचा मिशनरी कोर्टातून बाहेर पडला.

दरम्यान पोलीसही आपल्या बाजूने मुलांपर्यंत पोहोचत होते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 1914 मध्ये मुलांसाठी खेळाचे उपक्रम सुरू केले. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात पोलीसप्रमुखाने 1918 मध्ये मुलांचा क्लब काढला. कामं चांगली होती, पण गणवेशातल्या माणसाकडे मूल कितपत मन मोकळं करणार? हा प्रश्न तेव्हाही होता.

या नात्याची खरी कसोटी पुन्हा बॉस्टनमध्येच लागली. 1990 मध्ये तिथे 152 खून झाले. त्याच्या आदल्या वर्षी एका गोऱ्या माणसाने आपल्या गरोदर बायकोचा खून करून आळ एका अनोळखी काळ्या माणसावर घातला होता. पोलिसांनी त्यावर विश्वास ठेवून काळ्यांच्या वस्तीत सरसकट झडत्या घेतल्या. पुढे खरं उघड झालं, पण वस्तीचा पोलिसांवरचा विश्वास पार उडाला होता. मे 1992 मध्ये मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका तरुणाच्या अंत्यविधीतच टोळीतली मुलं घुसली आणि भर चर्चमध्ये एकाला भोसकलं. चर्चच्या भिंतींच्या आतही कोणी सुरक्षित नाही, हे पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

त्यातून टेन पॉइंट कोअलिशन ही पाळकांची आघाडी उभी राहिली. युजीन रिव्हर्स, जेफ्री ब्राउन आणि रे हॅमंड हे तिघे त्यात पुढे होते. त्यांनी रात्री रस्त्यावर फिरायला सुरुवात केली. मुलं आधी नुसती बघत राहायची. हे लोक दर आठवड्याला येतात हे दिसल्यावर बोलू लागली. पोलिसांचे सर्वांत कडक टीकाकार असलेल्या या पाळकांचं हळूहळू काही अधिकाऱ्यांशी जुळलं. कोणता मुलगा खरंच धोकादायक आहे आणि कोणाला नुसती एक संधी हवी आहे, यावर दोघे बोलू लागले. पाळक पोलिसांच्या बाजूने बोलला की वस्ती ऐकायची, कारण पोलीस चुकले तर हाच पाळक जाहीरपणे बोलेल याची तिला खात्री होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. 1999 पर्यंत खुनांची संख्या 31 वर आली. श्रेय एकट्या चर्चचं नाही. पोलिसांची टोळ्यांविरुद्धची नवी पद्धत होती, रस्त्यावर काम करणारे समाजसेवक होते. पण 2000 नंतर खून पुन्हा वाढले, आणि असं काम एकदा करून संपत नाही हे कळून चुकलं.

लंडनच्या ब्रिक्स्टनमध्येही जखम तशीच होती. एप्रिल 1981 मध्ये तिथे पोलिसांनी काही दिवसांत 940 हून अधिक लोकांना थांबवून झडत्या घेतल्या, आणि त्यानंतर दंगल उसळली. त्याच भागात 2003 मध्ये लेस आयझॅक या पाळकाने स्ट्रीट पास्टर्स सुरू केलं. चर्च, पोलीस आणि स्थानिक प्रशासन या तिघांनी मिळून काम करायचं, हा त्याचा पाया. वेगवेगळ्या चर्चमधले स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन रात्री दहाच्या सुमारास निघतात आणि पहाटेपर्यंत फिरतात. पाण्याच्या बाटल्या सोबत असतात, आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींसाठी साध्या चपलाही. ते उपदेश करत नाहीत. कोणी विचारलं तरच श्रद्धेबद्दल बोलतात. अटक करणं त्यांचं काम नाही. प्रकरण हाताबाहेर जाताना दिसलं तर पोलिसांना कळवतात. आणि जेवढा वेळ एक गट रस्त्यावर असतो, तेवढा वेळ दुसरा गट चर्चमध्ये जागा राहून त्यांच्यासाठी आणि त्यांना भेटणाऱ्या पोरांसाठी प्रार्थना करत असतो.