स्वाइन फ्लू वेगळा, स्वाइन फिव्हर वेगळा

नागपुरात स्वाइन फ्लूचे पेशंट सापडल्याची बातमी आली, की हिंगणा रोडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन ठरलेला. त्याच्याकडे साठेक डुकरं आहेत. "भाऊ, पेपरवाले फ्लू-फ्लू करून राह्यले, अन् इकडं माह्यं गिऱ्हाईक तुटून राह्यलं न!" त्याची तक्रार खरी आहे. गिऱ्हाईक ज्याला घाबरतं तो आजार माणसांमध्ये फिरतो. ज्या रोगाने त्याचा अख्खा वाडा पंधरवड्यात रिकामा होऊ शकतो, त्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरचं नाव गिऱ्हाइकानं ऐकलेलंही नसतं.

स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१. त्या विषाणूची जनुकं मूळची डुकरांच्या फ्लूमधली, म्हणून ते नाव चिकटलं. पण २००९ मध्ये तो जगभर पसरला माणसांच्याच खोकल्या-शिंकांतून. नीट शिजवलेलं मांस खाऊन तो होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हाच सांगितलं होतं. तरी कितीतरी देशांनी डुकरांची आणि मांसाची आयात बंद केली. इजिप्तनं तर देशातली सुमारे ३ लाख डुकरं मारायला काढली. कैरोतला ओला कचरा हीच डुकरं खायची. ती गेली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. डुकरांनाही फ्लू होतो, पण बहुतेक आठवडाभरात बरी होतात.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर माणसाला होतच नाही. पण डुकराला झाला तर अंगात सणकून ताप, खाणं बंद, कान आणि पोट लालनिळं, आणि बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत मृत्यू. औषध नाही. (साध्या, म्हणजे क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस आपल्याकडे आहे, ती या रोगावर चालत नाही.)

जिवंत डुकरांच्या व्यापाराची सगळी भीती इथे आहे. लागण झालेलं जनावर सुरुवातीचे काही दिवस अगदी धडधाकट दिसतं. ते ट्रकमध्ये चढतं, सीमा ओलांडतं आणि नव्या वाड्यात गेल्यावर आजारी पडतं. म्हणून रोगाची खबर लागताच देश आधी दारं लावून घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत मेलेल्या एका रानडुकरात हा विषाणू सापडला आणि दोनच दिवसांत चीननं जर्मन डुकरांचं मांस घेणं थांबवलं. चीन स्वतः २०१८ पासून याच रोगानं पोळलेला होता. आपल्याकडे तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला. रोग सापडला की १ किलोमीटरच्या परिघातली सगळी डुकरं मारावी लागतात, मग ती आजारी असोत वा नसोत. म्हणून २००९ मध्ये फ्लूपायी बंद केलेली आयात मला आजही चुकीचीच वाटते. फिव्हरपायी केलेली बंदी मात्र मालकाच्या पोटावर येत असली, तरी गरजेची आहे.

या विषाणूची आणखी एक वाट म्हणजे खरकटं. थंड किंवा खारवलेल्या मांसात तो महिनोन् महिने टिकतो. जॉर्जियात २००७ मध्ये तो जहाजावरच्या खरकट्यातून आला, असं मानतात. मावसभावाकडे रोज सकाळी हॉटेलांचे निळे ड्रम येतात: भात, पोळ्यांचे तुकडे, हाडं, सगळं एकत्र. मी त्याला हे समजावून सांगितल्यापासून त्यानं वाड्याच्या कोपऱ्यात चूल मांडलीय. ड्रममधलं सगळं रटरट उकळल्याशिवाय तो डुकरांपुढे टाकत नाही. नवी पिल्लं आणली की तीन आठवडे वेगळी, आणि त्यांच्याकडे जायची चप्पलसुद्धा वेगळी.