गाव वगळले, शहर राहिले

नागालँडमध्ये २००४ नंतर पालिका निवडणुका झाल्या त्या थेट २६ जून २०२४ रोजी. मधली वीस वर्षे महिला आरक्षणावरून घोडे अडले ते एका शब्दावर: रूढी.

इंग्रजांनी नागा टेकड्यांतल्या रूढींना शक्यतो हात लावला नाही. गावातले तंटे गावातच मिटत. साहेबापर्यंत गेले तर शेजारी दोभाषी असे, म्हणजे आपला दुभाषीच. एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगणारा हा माणूस पुढे स्वतःच निवाडे देऊ लागला. लाल जाकिटातल्या दोभाषींची न्यायालये आजही भरतात.

राज्य झाले तेव्हा घटनेत कलम ३७१ (अ) आले. नागांचे धार्मिक-सामाजिक आचार, रूढी कायदा, त्यानुसार होणारा न्याय आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू नाही.

खरी गोम १९९३ ची आहे. घटनेत पंचायतींचा भाग आला तेव्हा नागालँडला नाव घेऊन वगळले. पालिकांच्या भागात ते नावच नाही. तिथे सूट आहे ती मुख्यतः घटनेच्या पाचव्या-सहाव्या अनुसूचीतल्या आदिवासी प्रदेशांना, आणि नागालँड दोन्हींत बसत नाही. म्हणजे गाव रूढीने चालणार, शहरात मात्र एक तृतीयांश जागा महिलांच्या. त्यात २००१ चा पालिका कायदा विधानसभेचा स्वतःचा, २००६ मध्ये आरक्षण घातले तेही तिनेच. मग ‘संसदेचा कायदा’ आडवा येतो कुठे? आरक्षणाच्या विरोधकांचे म्हणणे, गावच्या निर्णयात बायका कधी बसल्याच नाहीत. पण वॉर्ड आणि कचरागाडी तरी पूर्वजांच्या रूढीत कुठे होती? पालिकेच्या घरपट्टीवरचा आक्षेप वेगळा. तो जमिनीला भिडतो, त्यात तथ्य होते.

२०१२ मध्ये विधानसभेने पालिकांचा भाग लागू नसल्याचा ठराव केला, २०१६ मध्ये मागे घेतला. लगेच निवडणूक जाहीर झाली आणि जानेवारी २०१७ अखेर दिमापूरला गोळीबारात दोन तरुण गेले. कोहिमात पालिकेची इमारत जळाली, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. मार्च २०२३ मध्ये विधानसभेने अख्खा कायदाच रद्द केला. त्यामुळे निवडणूक रद्द झाली; ती रद्द करण्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नोव्हेंबरच्या नव्या कायद्यात महिलांचा तिसरा हिस्सा राहिला. जमीन-इमारतींवरचा कर गेला, आणि महिलांसाठीचे अध्यक्षपदाचे आरक्षणही गेले. या दुसऱ्या वजाबाकीवर फारसे कोणी बोलले नाही.

मतदान झाले तेव्हा पूर्वेकडचे जिल्हे बाहेरच राहिले. तो बहिष्कार मात्र रूढीसाठी नव्हता. त्यांना वेगळा प्रदेश हवा होता.