लूप अँटेनाला नॉइज येतच नाही? थांबा जरा

लाकडी चौकटीवर वायर गुंडाळलेला लूप, १९२० च्या दशकात रेडिओ सेटसोबत असायचा तसा, बनवायला घेतला की कोणीतरी सांगतंच, लूप फक्त मॅग्नेटिक फील्ड पकडतो आणि नॉइज इलेक्ट्रिक असतो म्हणून खरखर येत नाही. अर्धवट आहे हे! लांबून येणाऱ्या लहरीत दोन्ही फील्ड जोडीनेच येतात, गुणोत्तर ठरलेलं, ३७७ ओहम, मग ते स्टेशन असो की नॉइज. फरक पडला तर जवळच्या सोर्समुळे, म्हणजे १ मेगाहर्ट्झला साधारण ४८ मीटरच्या आत, पण तिथेही मोबाइल चार्जर मॅग्नेटिक फील्ड सोडतोच की, लूप त्याच्या शेजारी ठेवून बघा, कान किटतील.

मग शांत का वाटतं? खरी करामत नलची, म्हणजे ज्या दिशेचं लूप जवळपास काहीच पकडत नाही त्या दिशेची. लूपच्या कडेच्या दिशेने सिग्नल जोरात येतो आणि सपाट बाजू जिकडे तोंड करते तिकडचा जवळपास गायब होतो. नल अगदी अरुंद असतो, मॅक्सिमम ऐसपैस, त्यामुळे स्टेशन थोडं तिरकं राहिलं तरी चालतं, लूप हळूहळू फिरवून नल नॉइजवर धरायचा.

नल नीट मिळत नसेल तर बहुतेक बॅलन्स, म्हणजे लूपच्या दोन बाजूंचा सारखेपणा, बिघडलाय, अख्खा लूप उभ्या वायरसारखा सगळ्या दिशांनी पकडतोय. शील्ड, म्हणजे लूपच्या वायरवरचं धातूचं कवच, तिचं कामही मुख्यतः हा बॅलन्स सांभाळणं, म्हणून तिची गॅप बरोबर मध्यावर ठेवा, आणि कृपा करून ती गॅप बुजवू नका, नॉइजसोबत स्टेशनही जाईल.