अभ्यास शाळेचा, शेजारी बसणारं माणूस घरचं: बडोद्यातली पार्श्वभूमी

हल्ली बडोद्यातल्या कुठल्याही शाळेत वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप असतोच. फळ्याचा फोटो, कवितेचा ऑडिओ, उद्याचा गृहपाठ, सगळं संध्याकाळपर्यंत आईच्या मोबाइलवर येऊन पडतं. याचं कौतुक नवा प्रयोग म्हणून होतं. पण शाळेतलं घरी पोचवायचं कसं, हा प्रश्न या शहराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाताळला होता, तोही बराच खोलात जाऊन.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. पट वाढला, पण वेगळीच पंचाईत समोर आली. शाळा सुटली की काही वर्षांत शिकलेली अक्षरं विसरली जात, कारण घरात वाचायला काही नसायचंच. दंड करून मुलाला वर्गात बसवता येतं, दंड करून घरात पुस्तक आणता येत नाही.

चरोतरात, म्हणजे खेडा-आणंदच्या भागात, मोतीभाई अमीन हे शिक्षक हेच ओळखून मित्रमंडळ वाचनालयं काढत होते. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि त्या धडपडीला सरकारी बळ मिळालं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, त्यात महाराजांचा खासगी संग्रह आला. आज मांडवीजवळच्या इमारतीत पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या काचेच्या लाद्या बघायला लोक जातात, ते हेच ग्रंथालय. गावात वाचनालय हवं असेल तर खर्चाचा एक वाटा गावाने उचलायचा, एक पंचायतीने, एक सरकारने. फुकट मिळालेल्या पुस्तकांवर धूळ बसते हे त्या काळीही ठाऊक असावं.

मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या. भक्कम लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती सरकारी खर्चाने गावी जायची, ठरलेली मुदत संपली की परत यायची आणि दुसरी निघायची. जिथे वाचता येणारेच थोडे, तिथे जादूचा दिवा (पडद्यावर चित्रं पाडणारा मॅजिक लँटर्न) आणि चित्रं दाखवणारी वेगळी शाखा जायची. पुस्तकं गुजराती, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांतली. मुख्य म्हणजे मुलांबरोबर बायकांचाही स्वतंत्र विचार होता. मूल घरी वाचायला हवं तर त्याच्या आईच्या हातातही पुस्तक हवं, हे सरळ गणित होतं.

आणि घरात आधी काहीच नव्हतं असंही नाही. मराठी घरात परवचा होता. दिवेलागणीला शुभंकरोती, मग पाढे, पावकी, निमकी, अडीचकी, वार, महिने, नक्षत्रं. म्हणून घेणाऱ्या आजीला बहुतेक वेळा लिहिता-वाचता येत नसे, पण सतराच्या पाढ्यात चुकणाऱ्या नातवाला ती तिथल्या तिथे अडवायची. तिला ते जमायचं, कारण पंतोजीही हेच पाढे घेत असत. शाळा आणि ओसरी एकाच पद्धतीने शिकवत होत्या. (परवच्याच्या आठवणी काढणारे आजोबा स्वतः पाठांतराला किती कंटाळायचे, ते मात्र सांगत नाहीत.)

पुढचं थोडक्यात. बडोदा संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, ते १९४८ मध्ये आकाशवाणीत आलं. १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम सुरू झाले, पण ते कॉलेजातल्यांसाठी. शाळेचं सगळंच्या सगळं घरात शिरलं ते मार्च २०२० नंतर. गुजरातमध्ये डीडी गिरनारवर धडे दिसू लागले, शिक्षक गल्लीत, ओट्यावर येऊन शिकवू लागले, आणि ज्या घरात एकच फोन होता तिथे तो बापाबरोबर कामावर गेला की धाकट्याचा वर्गही गेला. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले.

दरम्यान आजीची जागा डळमळली होती. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातलं मूल आता बहुधा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात असतं. भाषेचं एक वेळ निभतं, बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती येतंच. अडतं ते रीतीवर. बेचाळीसमधून सतरा वजा करा, असं गणित आलं की आई उभी मांडणी करते, दशकाकडून एक उसना घेते आणि पंचवीस लिहून मोकळी होते. मुलाच्या पुस्तकात मात्र आकड्यांच्या रेघेवर उड्या आहेत: सतरापासून वीसपर्यंत तीन, वीसपासून चाळीसपर्यंत वीस, मग दोन, एकूण पंचवीस. उत्तर तेच, तरी मूल म्हणतं, ‘बाईंनी असं नाही शिकवलं.’ मग आई चिडते किंवा शिकवणी लावते. ग्रुपवर त्या गणिताचा फोटो आलेला असतोच. उड्या का मारायच्या, हे कुणी लिहिलेलं नसतं. माझ्या मते, मोठ्यांसाठी लिहिलेल्या अशा दोन ओळी किंवा अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ दहा सरावपत्रिकांपेक्षा जास्त कामाचा. काही शिक्षिका तो आवर्जून पाठवतात, आणि त्यांच्या वर्गातल्या पालकांचे रात्री नऊनंतरचे फोन कमी होतात.

घरी किती अभ्यास द्यावा याचं मापही आता कागदावर आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीला गृहपाठ नकोच, संध्याकाळ कशी गेली हे मुलांनी वर्गात येऊन सांगावं. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. मूल ते तास घरात कुणाबरोबर घालवतं, हे शिक्षकाने एकदा विचारून घ्यायला हवं. आजी असेल तर तिला ऑडिओ पाठवावा. घरी कुणीच नसेल, तर ते काम वर्गातच उरकून घ्यावं.