आकड्यांचा चार्ट

आकड्यांचा चार्ट : मटक्यात, म्हणजे निघणाऱ्या आकड्यावर पैसे लावण्याच्या जुगारात, आधी निघालेले आकडे आठवडावार मांडून पुढचा आकडा ताडण्याची रीत. मराठवाड्यात ती सर्वपरिचित आहे. ओढलेल्या तीन पत्त्यांचे अंक (क्रम न पाहता) म्हणजे पाना; त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक हा त्या पान्याचा अंक. दिवसाचा पहिला असा अंक ओपन, दुसरा क्लोज आणि दोन्ही मिळून होणारा दोन अंकी आकडा म्हणजे जोडी.

ओपन-क्लोज ही नावे न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या उघडत्या व बंद भावांवरून आली, असे बहुतेक मानतात. हे भाव तारेने मुंबईस येत व त्यांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास हा प्रकार थांबला. पुढे कल्याणजी भगत (सु. १९६२) आणि रतन खत्री (सु. १९६४) यांच्या नावाशी निगडित मटके सुरू झाले. घड्यातील चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, नाव मात्र घड्याचेच राहिले. मराठवाडा कापसाचा मुलूख, म्हणून येथील मटक्याची नाळ थेट कापूस बाजाराशी जोडण्याचा मोह होतो. परंतु हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि चार्टची परिभाषा सगळी मुंबईची आहे. तेव्हा ती तिकडून आली असे मानणे अधिक सयुक्तिक.

चार्ट पाहणारे ‘कट’, म्हणजे पाचाच्या अंतरावरचे अंक (१-६, २-७, ३-८, ४-९, ५-०), आणि ‘फॅमिली’, म्हणजे अंकांच्या जागी त्यांचे कट घालून होणाऱ्या जोड्यांचा गट, यांवर भर देतात. १२ च्या फॅमिलीत १७, ६२, ६७ आणि या चारींच्या उलट्या, अशा आठ जोड्या येतात. पान्यांची रचना खरोखर सुबक आहे. एकूण पाने २२०. त्यांपैकी प्रत्येक अंकाच्या वाट्याला २२ येतात : १२ सिंगल (तिन्ही अंक वेगळे), ९ डबल (दोन सारखे), १ ट्रिपल (तिन्ही सारखे). पत्ता दर वेळी परत ठेवून तीन पत्ते ओढले, तर सिंगल पाना सहा, डबल तीन व ट्रिपल एकाच प्रकारे पडतो; ७२ + २७ + १ = १००, म्हणजे हजारात प्रत्येक अंकास बरोबर शंभर संधी. कोणताही अंक मुळात जड वा हलका नाही.

वर्षभराचे ३१२ निकाल घेतले, तर एखादी जोडी एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा ३१२ वा घात, म्हणजे सु. ४.३ टक्के. शंभरांपैकी चारेक जोड्या वर्षभर न दिसणे हा नियमच होय. चार्टवाले त्यांनाच ‘आता येणारच’ म्हणून धरतात. लाल जोड्या, म्हणजे दोन्ही अंक सारखे किंवा एकमेकांचे कट असलेल्या, वीस असतात. सहा दिवसांच्या आठवड्यात एकही लाल न येण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, सु. २६ टक्के. म्हणजे वर्षात तेरा-चौदा आठवडे ‘कोरे’ जायचेच.

हा हिशेब आकडा निःपक्ष निघतो असे गृहीत धरतो. ज्यावर कमी पैसे लागले तोच आकडा काढला जातो, हा संशय जुना आहे. तसे असेल तर चार्ट त्याहूनही निरुपयोगी, कारण पैजांची वही चार्टवाल्याच्या हाती नसते. जोडीस नव्वदपट हा रूढ भाव धरला तरी शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये जातात.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालते व ती कायदेशीर आहे. मटका १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा ठरतो.