सर्दीसाठी सप्लिमेंट घेताय? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

नाक वाहू लागलं की आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर पहिली मागणी व्हिटॅमिन सीची होते. पण सर्दी सुरू झाल्यावर सी घेतल्याने ती लवकर बरी होते, असं चाचण्यांत सातत्याने दिसलेलं नाही. आधीपासून रोज सी घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण 8 टक्के लवकर आटोपली. सात दिवसांच्या सर्दीत हा फरक जेमतेम अर्ध्या दिवसाचा. तेवढ्यासाठी वर्षभर गोळ्या घ्याव्यात, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल, तर 1000 मिग्रॅची गोळी रोज घेऊच नका.

विचार करण्याजोगं आहे ते झिंक. 2024च्या कोक्रेन आढाव्यानुसार (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) झिंकमुळे सर्दीचा कालावधी सुमारे दोन दिवसांनी कमी होऊ शकतो. हा पुरावा भक्कम नाही, आणि सर्दी टाळण्यासाठी झिंकचा फारसा उपयोग दिसलेला नाही. ज्या चाचण्यांत चांगला गुण आला, त्यांत झिंक बहुतेक लॉझेंजच्या रूपात, म्हणजे तोंडात ठेवून हळूहळू विरघळू द्यायच्या गोळीतून दिलं होतं. पहिल्या 24 तासांत सुरुवात, जागेपणी दर दोन-तीन तासांनी एक गोळी आणि दिवसाला एकूण 75 मिग्रॅहून जास्त झिंक, असं ते गणित होतं.

फसगत होते ती इथेच. पाकिटावर ‘झिंक ग्लुकोनेट 50 मिग्रॅ’ असेल, तर त्यात प्रत्यक्ष झिंक फक्त 7 मिग्रॅच्या आसपास असतं. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिग्रॅ’मध्ये ते 22.5 मिग्रॅ भरतं. म्हणून ‘एलिमेंटल झिंक’ हा आकडा शोधा. लॉझेंजमध्ये सायट्रिक अॅसिड नसलेलं बरं, कारण ते झिंकला बांधून ठेवतं. मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल गिळून लॉझेंजसारखा परिणाम मिळेल, असं धरू नका.

उपाशीपोटी झिंक घेतलं की मळमळतं, तोंडाला धातूसारखी चव येते. मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा 40 मिग्रॅ आहे. त्याहून मोठी मात्रा चार-पाच दिवसांपुरतीच घ्यावी, तीही डॉक्टरांना विचारून. महिनोन्महिने घेतल्यास शरीरातलं तांबं कमी होतं. ही मात्रा मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर ती गोळी झिंकच्या दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्या, नाहीतर अँटिबायोटिक नीट शोषलंच जात नाही. नाकात घालायचं झिंक तर नकोच! त्याने वास घेण्याची शक्ती गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2009 मध्येच इशारा दिला आहे.

मुलांच्या खोकल्याला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध द्या. याला चाचण्यांचा बरा आधार आहे. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला बोटही चाटवू नका, कारण बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. एकिनेशिया या वनौषधीचा ठोस फायदा दिसलेला नाही. व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं पाकीट सर्दीवरचं औषध नव्हे.

धाप लागत असेल, ताप तीन दिवसांत उतरला नसेल किंवा दहा दिवसांनीही सर्दी हटली नसेल, तर यांपैकी काहीही न घेता डॉक्टरांना दाखवा. दुकानात येताना चालू औषधांच्या स्ट्रिप सोबत आणा, आम्ही त्या झिंकशी ताडून पाहू.